एका ‘एस’ची ओमानी हकिगत

आठव्या शतकात ओमानच्या अज्द टोळीतला एक तरुण इराकमधल्या बसरा शहरात शिकायला गेला आणि तिथलाच होऊन राहिला. अल-खलील बिन अहमद अल-फराहिदी हे त्याचे नाव. त्याचा जन्म ओमानचा, इ.स. 718 च्या सुमाराचा, असे परंपरा मानते. अरबी छंदशास्त्राची घडी त्याने बसवली. ‘किताब अल-ऐन’ हा अरबीतला पहिला शब्दकोश त्याच्या नावावर आहे आणि त्यातली मांडणी मराठी वाचकाला एकदम ओळखीची वाटावी अशी आहे. घशातून निघणारे वर्ण आधी, ओठांवरचे शेवटाकडे. ‘क’पासून ‘म’पर्यंत जाताना आपण जो रस्ता धरतो, तोच हा. या साम्यात काही अभ्यासकांना भारतीय वर्णमालेचा प्रभाव दिसतो, काहींना तो मान्य नाही. खलीलचा शिष्य सीबवैही मूळचा इराणी. त्याने गुरूचा शेकडो वेळा दाखला देत ‘अल-किताब’ हा ग्रंथ लिहिला आणि अरबी व्याकरण कायमचे पायावर उभे राहिले.

त्या खलीलच्या देशात आज सरकारी शाळेतले मूल पहिलीपासून इंग्रजी शिकते आणि कित्येक वर्षे एकाच जागी अडखळते. ‘आय गो’, ‘यू गो’, ‘दे गो’ बिनचूक येते. ‘ही’ किंवा ‘शी’ आली की क्रियापदाला ‘एस’ लावायचा राहून जातो. मस्कतच्या इंडियन स्कूलमध्ये शेजारच्या बाकावर बसलेले मराठी, मल्याळी किंवा तमिळ मूलही इथेच मार्क घालवते. नियम एका ओळीचा आहे. तरी तो ओमानपर्यंत पोचला तो यॉर्क, मुंबई, कराची, अजमेर आणि झांझिबार अशी वळणे घेत. या सगळ्या वाटेवर एक गोष्ट सतत दिसते. ज्यांना हा नियम शिकवला गेला, त्यांच्या घरच्या भाषांत कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ इंग्रजीपेक्षा कितीतरी भरघोस होता. शिकवणाऱ्यांनी मात्र त्या ठेव्याकडे फारसे पाहिले नाही.

आधी अरबीच पाहावी. अरबी क्रियापद कर्त्याचा पुरुष पाळते, वचन पाळते आणि लिंगही पाळते. वचने संस्कृतसारखी तीन, कारण दोघांसाठी वेगळे रूप आहे. त्यावर शब्दक्रमाची अट. कर्ता आधी आला तर ‘अल-अवलादु जहबू’, म्हणजे मुले गेली, क्रियापद बहुवचनी. क्रियापद आधी आले तर ‘जहबल-अवलादु’. कर्ता अनेकवचनी असूनही क्रियापद एकवचनात राहते, लिंग तेवढे पाळते. आणखी एक पेच आहे. पुस्तके, घरे, जहाजे, उंट अशा माणसाखेरीजच्या अनेक वस्तूंसाठी क्रियापद आणि विशेषण स्त्रीलिंगी एकवचनात येते. ओमानी मूल प्रमाण अरबी शिकताना हे सगळे आत्मसात करते. मेळ म्हणजे काय, हे त्याला कुणी नव्याने सांगायला नको.

सीबवैहीच्या काळी काही टोळ्या हा शब्दक्रमाचा नियम मानत नव्हत्या. क्रियापद आधी आले तरी ते कर्त्यासारखे बहुवचनात ठेवत. त्यांच्या या ढबीला अरबी व्याकरणात एक मजेदार नाव आहे, ‘अकलूनी अल-बरागीस’, म्हणजे पिसवांनी मला खाल्ले. शास्त्राप्रमाणे इथे एकवचनी क्रियापद हवे, बोलणारा बहुवचनी वापरतो. मराठीत या वाक्यातले ‘खाल्ले’ पिसवांनाही जुमानत नाही आणि ‘मला’लाही जुमानत नाही, तो आपला भावे प्रयोग. हे बोलणारे कोण, तर व्याकरणकार तय्य आणि अज्द शनूआ या टोळ्यांची नावे घेतात. अज्द शनूआ ही ओमानच्या अज्दांची पश्चिमेकडची भाऊबंद शाखा.

याहून महत्त्वाची आहे ती सीबवैहीची वागणूक. त्याने या लोकांना चुकीचे ठरवले नाही. कर्ता स्त्रीलिंगी असला की क्रियापदाला जशी खूण लागते, तशीच ही मंडळी बहुवचनाची खूण लावतात, असे त्याने समजावून सांगितले आणि हा प्रकार विरळा आहे अशी नोंद करून तो पुढे गेला. आधी कारण शोधायचे, मग प्रमाण कोणते ते सांगायचे. पुढच्या बाराशे वर्षांत भाषा शिकवणाऱ्या फार थोड्या लोकांनी एवढा धीर दाखवला. आज अरबीच्या अनेक बोली त्या पिसवांच्याच वाटेने चालतात.

इंग्रजीचा नियम याच्या उलट दिशेने आला, दुसऱ्या भाषेतून. सोळाव्या शतकात विल्यम लिलीचे लॅटिन व्याकरण इंग्लंडच्या शाळांत राजाज्ञेने चालत असे. त्यात मुलांना तीन मेळ घोकावे लागत: क्रियापदाचा कर्त्याशी, विशेषणाचा नामाशी आणि संबंधी सर्वनामाचा त्याच्या नामाशी. लॅटिनला ते शोभत होते, कारण तिथे क्रियापदाच्या प्रत्येक रूपाला स्वतंत्र प्रत्यय आहे. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी आणि 1795 मध्ये लिंडले मरे यांनी इंग्रजीची व्याकरणे लिहिली तेव्हा तोच साचा पुढे चालू राहिला. मरे मूळचे अमेरिकेतले वकील, क्वेकर पंथाचे, यॉर्कजवळ येऊन स्थायिक झालेले. तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी पुस्तक तयार केले आणि ते पुढे लाखोंनी खपले. भारतातल्या इंग्रजी शाळांपर्यंतही ते आले.

गंमत अशी की तोवर इंग्रजीचे प्रत्यय जवळजवळ सगळे झडून गेले होते. वर्तमानकाळात तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘एस’ उरला होता आणि ‘असणे’ या क्रियापदाची तीनचार रूपे. हा ‘एस’देखील सगळ्या इंग्लंडचा नव्हता. तो उत्तरेकडच्या बोलींतून दक्षिणेत उतरला. लंडनच्या बाजूला लोक ‘ही गोएथ’ म्हणत. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही रूपे सापडतात. 1611 च्या अधिकृत बायबलात जुने ‘एथ’च आहे.

पूर्वेकडच्या नॉर्फोक आणि सफोक परगण्यांत तर तिसरीच तऱ्हा होती. तिथला शेतकरी ‘ही गो’, ‘शी गो’ असे सरळ म्हणे आणि जुन्या वळणाचे लोक अजूनही म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी त्याचा उगम नॉर्विच शहरात शोधला आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनच्या जाचाला कंटाळून आजच्या बेल्जियम-हॉलंडकडचे हजारो विणकर तिथे आश्रयाला आले. त्यांच्या नव्या इंग्रजीत प्रत्यय गळाला; ‘एथ’ मागे पडून ‘एस’ पुढे येत होता, अशा डळमळीत वेळी गावकऱ्यांनीही ते बिनप्रत्ययाचे रूप उचलले, असा ट्रडगिल यांचा तर्क आहे. ओमानी मुलाच्या वहीत ज्यावर लाल रेघ पडते, ते सफोकमध्ये पिढ्यानपिढ्या इंग्रजांच्याच तोंडी होते.

ओमानला इंग्रजी भेटली ती मुंबईमार्गे. ईस्ट इंडिया कंपनीने 1798 मध्ये मस्कतच्या राज्यकर्त्याशी करार केला आणि पुढे तिथे आपला प्रतिनिधी ठेवला. 1873 पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली होता. ओमानी राजघराण्याला मुंबई परकी नव्हती. ओमान आणि झांझिबारचे राज्यकर्ते सय्यद सईद बिन सुलतान यांची ‘लिव्हरपूल’ आणि ‘सुलताना’ ही जहाजे मुंबईतच बांधली गेली. त्यांचे पुत्र बरगश यांनी झांझिबारच्या गादीसाठी बंड केले, तेव्हा 1859 मध्ये त्यांना दोन वर्षे हद्दपार करून ठेवले तेही मुंबईत. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी 1862 पासून टपाल घेऊन मुंबई-कराची-मस्कत-बसरा अशा फिरू लागल्या. मस्कतच्या पेढ्यांवर भारतीय रुपया चाले.

त्या मुंबईत इंग्रजी व्याकरणाची मराठीशी गाठ आधीच पडली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर बावीस वर्षांचे असताना, 1836 मध्ये, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीची मांडणी करायला दादोबा बसले खरे, पण कर्ता-क्रियापदाच्या मेळापाशी तो साचा अपुरा पडतो. मराठी क्रियापद कधी कर्त्याचे ऐकते, कधी कर्माचे, आणि कधी कुणाचेच नाही. ‘सीता आंबा खाते’ इथे ते सीतेकडे पाहते. ‘सीतेने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, फणस खाल्ला, केळे खाल्ले’ इथे सीतेकडे पाठ फिरवून फळाकडे पाहते. ‘रामाने रावणाला मारले’ इथे रामही नाही आणि रावणही नाही. कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन प्रयोग शाळेत पाठ केलेल्या मराठी माणसाला हे नवे नाही. पण जगातल्या भाषांच्या पसाऱ्यात ही व्यवस्था किती गुंतागुंतीची आहे, याची जाणीव आपल्याला सहसा नसते. चार वर्षांचे पोर ती न चुकता वापरते.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची कसून चिकित्सा केली. 1911 मध्ये मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. त्यात या प्रयोगांचा आणि त्यांच्या सरमिसळीचाही विस्ताराने ऊहापोह झाला. ‘तू आंबा खाल्लास’ या तीन शब्दांच्या वाक्यात ‘खाल्ला’ हा भाग आंब्याशी जुळतो आणि शेवटचा ‘स’ ‘तू’शी. एकाच क्रियापदाने दोघांचा मान राखला. या पातळीचे विवेचन मराठीत झाले होते, तरी इंग्रजीच्या तासाला त्याचा उपयोग फारसा केला गेला नाही. दोन व्याकरणे दोन तासांत वेगवेगळी शिकवली जात राहिली. मराठीच्या तासाला प्रयोग, इंग्रजीच्या तासाला ‘एस’. मधली भिंत उतरवणारे शिक्षक विरळ.

इंग्रजीच्या तासाचे सर्वांत टिकाऊ पुस्तकही मुंबई इलाख्याशीच जोडलेले आहे. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन 1903 मध्ये भारतीय शिक्षण खात्यात आले. त्यांनी कराचीच्या हायस्कुलात मुख्याध्यापकी केली; कराची तेव्हा, आणि पुढे 1936 पर्यंत, मुंबई इलाख्यातच होती. 1924 मध्ये आलेली फ्रेंच परकीय पलटणीवरची ‘बो जेस्ट’ ही त्यांची कादंबरी जगभर गाजली. भारतात मात्र रेन ओळखले जातात ते मार्टिन यांच्याबरोबर लिहिलेल्या हायस्कूल व्याकरणामुळे. मुंबईच्या कूपर प्रकाशनाने 1930 च्या दशकात ते बाजारात आणले. त्यात कर्ता-क्रियापदाच्या मेळाला स्वतंत्र प्रकरण आहे. दोन कर्ते ‘अँड’ने जोडले तर काय, ‘ऑर’ने जोडले तर काय, समूहवाचक नाम आले तर काय, कर्ता आणि क्रियापद यांच्या मधे भलतेच बहुवचन घुसले तर काय. मराठी घरांतल्या तीन पिढ्यांनी हे प्रकरण गिरवले आणि नोकरीनिमित्त आखातात गेलेल्या कुटुंबांबरोबर ते तिकडेही गेले.

खुद्द मस्कतमध्ये इंग्रजीचा वर्ग भरला तो एका करुण प्रसंगातून. अमेरिकन मिशनचे पीटर झ्वेमर यांच्या हाती 1896 मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अठरा मुलगे सोपवले. गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतावरून सोडवलेली, पूर्व आफ्रिकेतून पळवून आणलेली ही पोरे. आईबाप नाहीत, गाव नाही, भाषा कुणाला कळत नाही. झ्वेमर यांनी त्यांच्यासाठी शाळा काढली. दोनच वर्षांनी, 1898 मध्ये, ते स्वतः आजारी पडून वारले. या शाळेचा ओमानच्या शिक्षणावर मोठा ठसा उमटला असे म्हणता येणार नाही. तरीही इथे इंग्रजी वाक्य फळ्यावर आले ते कुणा शेठ-सावकाराच्या किंवा राजपुत्राच्या मुलासाठी नव्हे, तर दोरखंडातून सुटलेल्या या मुलांसाठी, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

राजपुत्र शिकायला भारतात येत. सईद बिन तैमूर यांना वयाच्या बाराव्या वर्षी, 1922 मध्ये, अजमेरच्या मेयो कॉलेजात घातले गेले. भारतीय संस्थानिकांच्या मुलांबरोबर ते पाच वर्षे तिथे राहिले आणि मग अरबी साहित्य व इतिहासासाठी बगदादला गेले. 1932 मध्ये वडील तैमूर बिन फैसल गादीवरून उतरले आणि सईद सुलतान झाले. वडिलांनी पुढचे आयुष्य बरेचसे भारतात काढले; 1965 मध्ये मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. सईद यांचे इंग्रजी उत्तम होते, ब्रिटिश अधिकाऱ्यांशी ते दुभाष्याविना बोलत. मात्र स्वतःला मिळालेले शिक्षण त्यांनी प्रजेपर्यंत पोचू दिले नाही. 1970 पर्यंत साऱ्या देशात सलालाह, मस्कत आणि मत्राह इथे मिळून तीन सरकारी शाळा होत्या. विद्यार्थी 909, सगळे मुलगे. मुलींसाठी एकही शाळा नव्हती. एका राज्यकर्त्याच्या भयामुळे दोन पिढ्या अक्षरांपासून दूर राहिल्या. हे नुकसान कोणत्याही राजकीय अडचणीच्या सबबीने झाकता येणारे नाही.

सईद यांचे पुत्र काबूस यांचा जन्म 1940 चा. सोळाव्या वर्षी त्यांना शिकायला इंग्लंडला पाठवले, ते सफोक परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्स इथे. तिथून ते सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत गेले. ट्रडगिल यांनी ज्या ‘ही गो’चा माग काढला, तो हाच मुलूख. वर्गात ‘एस’ शिकवला जात होता आणि आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना त्याची गरज वाटत नव्हती.

23 जुलै 1970 ला काबूस गादीवर आले आणि शाळा उघडण्याची घाई सुरू झाली. इमारती नव्हत्या म्हणून तंबूंत वर्ग भरले. शिक्षक इजिप्त, जॉर्डन, सुदान, भारत अशा देशांतून बोलावले गेले. चौथीपासून इंग्रजी सक्तीची झाली. त्याच सुमारास झांझिबारहून परतलेल्या ओमानी कुटुंबांनी सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत मोठी जागा भरून काढली. 1964 च्या क्रांतीत तिथून उखडलेली ही माणसे इंग्रजी जाणत होती आणि घरात स्वाहिली बोलत होती.

स्वाहिलीचा मेळ तर आणखी वेगळा. तिथे नामांचे डझनाहून अधिक वर्ग आहेत आणि नामाच्या पुढे लागणारे अक्षर क्रियापदाच्याही पुढे उमटते. ‘किताबु किमेआंगुका’ म्हणजे पुस्तक पडले. अनेक पुस्तके पडली तर ‘विताबु विमेआंगुका’. मूळ अरबी ‘किताब’मधल्या ‘कि’लाच स्वाहिलीने उपसर्ग मानून त्याचे बहुवचन ‘वि’ने केले. मत्राहच्या बाजारात याशिवाय बलुची होती, लवाती समाजाची सिंधी-कच्छीच्या जवळची बोली होती, कच्छी भाटियांची कच्छी आणि गुजराती होती. गुजरातीत ‘रामे केरी खाधी’ म्हणताना क्रियापद आपल्या कर्मणीसारखेच केरीशी जुळते. मकरान किनाऱ्याच्या बलुचीतही भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदापाशी कर्त्याचा अधिकार असाच सुटतो. दक्षिणेला ढोफारच्या डोंगरांत मेहरी आणि जिब्बाली या अरबीहून वेगळ्या सेमिटिक भाषा. एवढ्या प्रकारांनी कर्ता-क्रियापद जुळवणारी मुले एका वर्गात बसत आणि पाठ्यपुस्तक त्यांना जणू कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायला लावत असे.

1987 मध्ये डेव्हिड नूनन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ओमानच्या शालेय इंग्रजी अभ्यासक्रमाची तत्त्वे लिहून दिली. भर होता तो भाषेच्या व्यवहारातल्या उपयोगावर. ‘अवर वर्ल्ड थ्रू इंग्लिश’ ही पाठ्यपुस्तकमाला या काळातली. दरम्यान 1986 मध्ये सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झाले आणि तिथे विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी इंग्रजीतून शिकवले जाऊ लागले. बारा वर्षे अरबीतून शिकलेल्या मुलामुलींना आधी पायाभूत इंग्रजीचा अभ्यासक्रम पार करावा लागे. ‘एस’ची चूक आता फक्त एक मार्क घालवत नव्हती, आवडत्या शाखेपर्यंतची वाट लांबवत होती. 1998-99 मध्ये सतरा शाळांत ‘मूलभूत शिक्षण’ योजना सुरू झाली आणि इंग्रजी पहिलीपासून आली. 1999 ते 2008 या काळात ब्रिटनच्या लीड्स विद्यापीठाच्या पदवी कार्यक्रमातून सुमारे हजार ओमानी शिक्षक तयार झाले. हे फार मोठे काम झाले. घरी अरबी बोलणारा, स्वतः ‘एस’पाशी अडखळून पुढे गेलेला शिक्षक वर्गात उभा राहिला.

अरबी मूल नेमके कशाने अडखळते? त्याच्या भाषेत बहुवचन झाले की क्रियापदाला काहीतरी वाढते. ‘यक्तुब’, तो लिहितो. ‘यक्तुबून’, ते लिहितात. इंग्रजीत नाम बहुवचनी झाले की त्याला ‘एस’ लागतो आणि त्याच वेळी क्रियापदाचा ‘एस’ निघून जातो: ‘द बॉय प्लेज’, पण ‘द बॉइज प्ले’. म्हणून ‘द बॉइज प्लेज’ लिहिणारे मूल गाफील नाही. ‘एस’ बहुवचनाचा आहे हे त्याने ओळखले आहे आणि अरबीच्या शिस्तीने तो दोन्हीकडे लावला आहे. ‘द बुक्स इज न्यू’ लिहिणाऱ्यानेही पुस्तकांना अरबीच्या नियमाप्रमाणे एकवचन दिले.

मराठी मुलाची अडचण दुसरीकडे असते. त्याला वडिलांबद्दल एकेरी बोलता येत नाही. ‘बाबा ऑफिसला जातात’ हे बहुवचन त्याच्या जिभेवर आदराने बसलेले असते, मग इंग्रजीत ‘माय फादर गो’ होते, कधी ‘माय फादर आर’ही. ‘तो जातो, ती जाते’ यातला लिंगभेद इंग्रजीत शोधायला जावे तर दोघांना एकच ‘गोज’. आणि ज्या भूतकाळात मराठीने सर्वांत नाजूक कारागिरी केली, तिथे इंग्रजीत मेळच उरलेला नाही. ‘एट’ हे रूप सीतेलाही चालते, आंब्यालाही आणि चिंचांनाही.

मस्कतचे इंडियन स्कूल 1975 मध्ये सुरू झाले. सलालाहपासून सोहारपर्यंत आज ओमानमध्ये वीसच्या आसपास भारतीय शाळा आहेत. बहुतेक सीबीएसईच्या, आणि त्या मंडळाच्या नववी-दहावीच्या इंग्रजी व्याकरणात कर्ता-क्रियापदाचा मेळ हा नेमून दिलेला घटक आहे. उताऱ्यातली चूक शोधा, रिकामी जागा भरा, अशा प्रश्नांतून तो तपासला जातो. रुवी, दारसैत, अल घुब्रा, वादी कबीर या वस्त्यांतली मराठी घरे मुलांना या शाळांत घालतात. पुष्कळ घरांत आजीआजोबांच्या काळातले रेन-मार्टिन अजून कपाटात असते.

या ‘एस’वर जगभर बराच अभ्यास झाला आहे. रॉजर ब्राउन यांनी 1973 मध्ये इंग्रजीच मातृभाषा असलेल्या तीन बालकांच्या वाढीचा आलेख मांडला. त्यात बहुवचनाचा ‘एस’ लवकर येतो आणि क्रियापदाचा ‘एस’ खूप उशिरा, असे दिसले. हैदी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या स्पॅनिश आणि चिनी घरांतल्या मुलांत असाच उशीर पाहिला. मानफ्रेड पीनेमान यांनी 1998 मध्ये त्याचे कारण मांडले: वाक्याच्या एका भागातली माहिती मनात धरून ठेवून दुसऱ्या भागात लावावी लागते आणि ते कसब शिकणाऱ्याला शेवटच्या टप्प्यांत साधते. नियम पाठ असणे आणि बोलण्याच्या ओघात तो हाताशी येणे यांत वर्षांचे अंतर असते. एवढे ठाऊक असताना तिसरी-चौथीच्या मुलाच्या वहीत प्रत्येक सुटलेल्या ‘एस’साठी मार्क कापणे अन्यायाचे आहे. ब्रिटिश अभ्यासक पिट कॉर्डर यांनी 1967 मध्येच शिक्षकांना सांगितले होते, की शिकणाऱ्याच्या चुकीतून त्याच्या मनात कोणता नियम आकार घेतो आहे ते दिसते. सीबवैहीने पिसवांच्या वाक्यापाशी हेच केले होते. ओमानमधल्या शिक्षकाला त्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. फळ्यावर ‘यक्तुब-यक्तुबून’ किंवा ‘जातो-जातात’ आणि शेजारी ‘गोज-गो’ लिहिले, तर मुले स्वतःच फरक शोधून सांगतील.

वर्गाबाहेर मात्र ओमानमध्ये अशी एक भाषा रोज बोलली जाते, जिच्यात मेळाला रजाच दिलेली आहे. ओमानी गिऱ्हाईक आणि भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी कामगार यांच्यात दुकानांत, गॅरेजांत, बांधकामांवर जी मोडकी अरबी चालते, तिला अभ्यासक आखाती पिजिन अरबी म्हणतात. जे. आर. स्मार्ट यांनी 1990 मध्ये तिच्यावर पहिला निबंध लिहिला. ओस्लो विद्यापीठाच्या उन गीदा नेस यांनी 2008 चा आपला प्रबंध ओमानच्या बुरैमी गावात माणसांशी बोलून तयार केला. या भाषेत ‘अना यिरूह’ म्हणजे मी जातो, ‘इंता यिरूह’ म्हणजे तू जातोस. मुळात ‘तो जातो’साठी असलेले एकच रूप सगळ्यांना पुरते. तीन वचने आणि दोन लिंगे सांभाळणारा ओमानी शेठही कामगाराशी बोलताना बऱ्याचदा हेच रूप वापरतो. सिमेंट येते, गाडी दुरुस्त होते, हिशेब चुकता होतो.

रत्नागिरीकडून आलेला सुतार दिवसभर कारखान्यात ‘अना यिरूह, इंता यिरूह’ म्हणतो. संध्याकाळी खोलीवर येऊन तो घरी फोन लावतो आणि सांगतो, “पैसे पाठवले, पिशवी पाठवली, पोरीचा फ्रॉकही पाठवला. तू औषध घेतलंस ना?” पैशांचे अनेकवचन, पिशवीचे स्त्रीलिंग, फ्रॉकचे पुल्लिंग, औषधाचे नपुंसकलिंग आणि त्यावर ‘तू’चा तो ‘स’, सगळे जिथल्या तिथे येते.